दोन माणसांचे घर: सोलापूरहून लहान मुलांना घेऊन जर्मनीला जाताना

सोलापुरातून नोकरीनिमित्त जर्मनीला निघालेल्या तरुण जोडप्यांची तयारी बहुधा मसाल्यांच्या यादीपासून सुरू होते आणि कुकरच्या जास्तीच्या शिट्टीपाशी संपते. मधले दिवस व्हिसा, तिकिटे आणि नातेवाइकांकडची जेवणे यांत निघून जातात, आणि घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर त्याच्या वाट्याला एक जाड जॅकेट तेवढे येते. जुळे सोलापुरात किंवा रेल्वे लाइन्समध्ये वाढणाऱ्या मुलामागे आजी-आजोबा, काका-काकू, शेजारच्या मावशी आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई असे निदान चार-पाच जण उभे असतात. तिथे गेल्यावर हे सारे काम आई आणि वडील या दोघांवर येते, आणि त्यांतलाही एक जण दिवसभर कचेरीत असतो. म्हणून येथे प्रेक्षणीय स्थळे किंवा पगाराचे हिशेब नाहीत. दोन माणसांच्या बळावर लहान मुलांचे घर रोजच्या रोज कसे चालवावे, एवढाच विषय आहे. आमची दोन्ही मुले लहान असताना आम्ही तिथे राहिलो. आता ओळखीतली जोडपी निघण्याआधी भेटून जातात, त्यांना जे सांगते तेच येथे लिहिते आहे.

निघण्याआधी, सोलापुरातच

पहिले काम लसीकरणाच्या कार्डाचे. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर-संरक्षण कायदा लागू आहे. त्यानुसार बालवाडीत जाणाऱ्या, एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवराच्या लसीची एक मात्रा आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दोन मात्रा मिळाल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो नसेल तर प्रवेशच मिळत नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते, त्यामुळे मूल दीड वर्षाचे असेल तर दुसरी मात्रा येथेच घेऊन निघावे. खासगी दवाखान्यातल्या कार्डावर पुष्कळदा नुसती चिकटपट्टी आणि न लागणारे अक्षर असते. डॉक्टरांकडून सर्व लसींची नावे व तारखा इंग्रजीत टंकलिखित करून, सही-शिक्का घेऊन ठेवाव्यात. जन्मतः दिलेल्या बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या लसीची, नोंद त्यात आवर्जून असावी. ती लस जर्मनीत सर्रास दिली जात नाही, आणि ती घेतलेल्या मुलाची क्षयरोगाची त्वचाचाचणी आजार नसतानाही होकारार्थी येऊ शकते. अशा वेळी रक्ताची चाचणी करता येते, मात्र डॉक्टरांना बीसीजीबद्दल आपणच सांगावे लागते.

महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव चढवलेले आहे ना, आणि त्याची इंग्रजी वर्णरचना पासपोर्टशी अक्षरशः जुळते ना, हेही पाहावे. आपले मधले नाव, म्हणजे वडिलांचे नाव, एका कागदावर असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर तिथल्या कचेरीत प्रत्येक अर्जाच्या वेळी खुलासा करत बसावे लागते.

सामानाच्या बाबतीत एक नियम घरच्या मंडळींना आधीच समजावून सांगावा, नाहीतर स्टेशनवर निघताना रुसवेफुगवे होतात. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे घरचे तूप, पेढे, खवा घातलेली मिठाई हे सगळे बाद होते. बाळाच्या दुधाच्या भुकटीला मात्र सवलत आहे: बंद डब्यातली, फ्रिजमध्ये ठेवावी न लागणारी भुकटी माणशी दोन किलोपर्यंत चालते. बहुतेक ताजी फळे आणि भाजीपाला वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेले आपले डाळिंबसुद्धा घरीच ठेवायचे आणि कढीपत्ताही. शेंगाचटणी, कडक भाकरी, नाचणीसत्त्व, मेतकूट हे कोरडे पदार्थ खुशाल न्यावेत. कडक भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून दिली की दोन वर्षांच्या मुलाचे रात्रीचे जेवण होते, आणि प्रवासानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, घरात धड तवाही नसताना, तिचे मोल कळते.

सर्वांत दुर्लक्षित तयारी मुलाच्या स्वतःच्या हाताची. आपल्याकडे आजी गच्चीत फिरवत, एक घास काऊचा आणि एक घास चिऊचा करत चार वर्षांच्या नातवाला भरवते, आणि त्यात गैर काही नाही. तिथल्या बालवाडीत मात्र दीड वर्षाचे मूलही खुर्चीवर बसून चमच्याने स्वतः जेवते. जाण्याआधी दोन महिने जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून मुलाला त्याचे त्याला खाऊ द्यावे. निम्मे सांडेल, सांडू द्यावे. बूट घालणे, जॅकेटची चेन ओढणे आणि शी-शू आल्याचे सांगणे या तीन गोष्टी जमल्या, तर पुढचे महिने पुष्कळ हलके जातात.

पोहोचल्यावर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचे पत्र आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट लागतो. त्यानंतर प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, कर-क्रमांक टपालाने येतो. तो आला की बालभत्त्यासाठी अर्ज करावा; २०२५ मध्ये हा भत्ता प्रत्येक मुलामागे महिना २५५ यूरो होता. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, आलेल्या कुटुंबांना तो मिळतो, विद्यार्थी म्हणून आलेल्यांना साधारणपणे मिळत नाही. मागील थकबाकी फार तर सहा महिन्यांची मिळते, म्हणून चालढकल करू नये. सार्वजनिक आरोग्य विमा घेतला असेल, तर न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतात. विमा सुरू झाल्याबरोबर जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे नाव नोंदवावे. मोठ्या शहरांत नवे रुग्ण घेणे बंद केलेले दवाखाने बरेच असतात, आणि तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन दवाखाना शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

झोपेच्या बाबतीत घड्याळ तुमच्या बाजूने असते, त्याचा फायदा जरूर घ्यावा. भारत जर्मनीच्या पुढे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असतो. सोलापुरात रात्री साडेदहा-अकराला झोपणारे मूल तिथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात उन्हाळा असेल तर संध्याकाळी सात-साडेसातला आणि हिवाळा असेल तर त्याहून तासभर आधी आपोआप पेंगते. तिथल्या मुलांची झोपायची वेळही जवळपास तीच. बहुतेक घरांत मात्र, मूल लवकर झोपले तर पहाटे उठेल म्हणून त्याला बळेच जागे ठेवतात आणि आपसूक लागलेली चांगली सवय मोडतात. पहाटे चारला उठले तर उठू द्यावे, दिवा मंद ठेवावा, दूध द्यावे, आणि रोज पंधरा-वीस मिनिटांनी वेळ पुढे सरकू द्यावी. मुले साडेसातला झोपली की आई-वडिलांना दिवसातले पहिले दोन निवांत तास मिळतात. दोन माणसांच्या घरात हे दोन तास पैशांपेक्षा मोलाचे असतात, कारण भांडी, उद्याचा डबा, आलेली पत्रे आणि एकमेकांशी बोलणे हे सगळे त्यातच बसवायचे असते.

किटा

बालवाडीला तिथे सगळे किटा म्हणतात. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात प्रतीक्षायादी लांबलचक असते. म्हणून राहण्याचे शहर ठरताच, भारतातूनच, त्या शहराच्या संकेतस्थळावर पाहून एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज करावेत आणि दर महिन्याला विनयाने विचारणा करावी. शुल्क राज्यागणिक बदलते. बर्लिनमध्ये शुल्क नाही, जेवणापोटी महिना २३ यूरो द्यावे लागतात, तर इतर काही राज्यांत उत्पन्नानुसार बरीच रक्कम भरावी लागते.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मूल सोडून कामाला जाता येईल, असा आपला समज असतो. तसे नसते. तिथे मुलाला रुळवण्याची ठरलेली पद्धत आहे. बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तासभर वर्गातच बसतात आणि मुलाला सोडून जाण्याचा प्रयत्नही कोणी करत नाही. चौथ्या दिवशी पालक काही मिनिटांसाठी खोलीबाहेर जातो. रडणारे मूल शिक्षिकेच्या हाताने शांत झाले तर ही वेळ वाढवली जाते, न झाले तर दोन पावले मागे येतात. सगळे मिळून दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. त्यामुळे नोकरीची तारीख ठरवतानाच, दोघांपैकी एक जण किमान महिनाभर मोकळा राहील अशी व्यवस्था करावी. दोघेही एकाच पहिल्या तारखेला रुजू झाले, तर या महिन्याची अवस्था फार केविलवाणी होते.

त्या दिवसांत पालकाने कोपऱ्यात शांत बसायचे असते. मुलाला “जा, खेळ ना त्यांच्याशी” म्हणून पुढे ढकलू नये, त्याच्याशी स्वतः खेळण्यात रमू नये आणि फोनही पाहू नये. मूल परत परत येऊन तुमच्या गुडघ्याला हात लावून जाते, तेवढ्यासाठी तुम्ही तिथे असता. निघताना नजर चुकवून सटकणे ही आपल्याकडची हमखास युक्ती. मावशीने मांजर दाखवायचे आणि आईने मागच्या दाराने निघायचे. किटामध्ये ती चालत नाही. मूल रडणार हे माहीत असले तरी “मी जाते आहे, तुझे जेवण झाल्यावर येईन” असे त्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे, एक पापा घ्यावा आणि निघावे. दारात घुटमळून पुन्हा वळू नये. ही पद्धत पहिले चार दिवस निष्ठुर वाटते, परंतु पंधरवड्यानंतर मूल दारातून स्वतः हात हलवते, आणि घरी आंघोळीला गेलेल्या आईमागेही रडत नाही. मला ती आपल्या युक्तीपेक्षा उजवी वाटते.

किटाच्या बाहेरच्या खोलीत प्रत्येक मुलाचा एक खुंटा असतो. अक्षरे न येणाऱ्या मुलांसाठी त्यावर चित्र लावलेले असते, कोणाला बेडूक, कोणाला छत्री. खुंट्याखाली बाहेरचे बूट, आत घालायचे मऊ बूट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्यावरून पट्टे येणारी रबरी चिखल-विजार आणि एका पेटीत आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत दोन जादा जोड, असा सगळा संसार असतो. ही चिखल-विजार पहिल्याच आठवड्यात घ्यावी, कारण पाऊस असो वा बर्फ, मुलांना रोज बाहेर नेतात. सोलापूरच्या कोरड्या हवेतल्या आपल्या मनाला हे पटायला वेळ लागतो, आणि व्हिडिओ कॉलवर ते पाहिलेल्या आजीला तर रात्रभर झोप लागत नाही. प्रत्येक वस्तूवर, अगदी प्रत्येक मोज्यावरही, नाव घालावे. पुण्या-मुंबईत कपड्यांवर इस्त्रीने चिकटवायच्या नावपट्ट्या करून मिळतात, त्या येथूनच नेल्या तर स्वस्त पडतात.

डबा

किटात दुपारचे गरम जेवण बहुधा तिथेच मिळते. सकाळी नऊच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास खायचा डबा बऱ्याच ठिकाणी घरून न्यावा लागतो. या डब्यात सोलापूरकरांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे शेंगदाणा. आपल्या वांग्याच्या भाजीत, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, मेथीच्या परतलेल्या भाजीतही कूट असतो, आणि तो आहे हे आपल्याला जाणवतसुद्धा नाही. शेंगदाण्याच्या तीव्र ॲलर्जीमुळे मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून अनेक किटांत शेंगदाणे आणि सुका मेवा आणायलाच मनाई असते. शेंगाचटणी लावून केलेली पोळीची गुंडाळी शेजारच्या मुलाने एक घास खाल्ली तर काय होईल, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा डब्याची भाजी कूट घालण्याआधी वेगळी काढून ठेवावी आणि डब्यासाठी पोळपाट, सुरी, चमचा हेही वेगळे ठेवावेत. घरी चटणी जरूर खावी, मात्र अख्खे शेंगदाणे चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

डब्याला चालणारे पदार्थ थोडे आहेत, पण पुरेसे आहेत: बिनकुटाचे थालीपीठ, मुगाचे धिरडे, चीज लावलेली पोळी, इडलीचे तुकडे, काकडी, गाजर, सफरचंद. तूप-गुळाची पोळी मुलांना आवडते, परंतु साखर आणि गूळ नको असे सांगणाऱ्या किटा पुष्कळ आहेत. त्यांचे ऐकावे, वाद घालू नये. भाकरीचे म्हणाल तर भारतीय दुकानात ज्वारीचे पीठ मिळते, मात्र ते बरेचदा जुने असते आणि त्याची विरी गेलेली असते. उकळत्या पाण्यात उकड काढून, चांगले मळून घेतले तर निभावते. तवा सपाट तळाचा हवा, कारण तिथल्या काचेच्या किंवा इंडक्शनच्या शेगडीवर खोलगट तवा तापत नाही. कुकरही इंडक्शनवर चालेल असाच न्यावा.

शाकाहारी कुटुंबांनी प्रवेशाच्या अर्जावर शाकाहारी असा पर्याय निवडून थांबू नये. अंडे चालते की नाही, हे वेगळे लिहून द्यावे. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या रंगीत, चिवट गोळ्यांत बहुधा डुकरापासून काढलेले जिलेटिन असते. आपल्या मुलासाठी जिलेटिन नसलेल्या गोळ्यांची एक बरणी शिक्षिकेकडे देऊन ठेवावी, म्हणजे सगळ्यांना मिळते आणि त्याला मिळत नाही, असे होत नाही. वाढदिवसाचा केक मात्र वाढदिवसाच्या दिवशी किंवा नंतरच न्यावा. आधी शुभेच्छा देणे तिथे अपशकुनी मानतात.

आजारपण

किटाच्या पहिल्या हिवाळ्यात मूल सारखे आजारी पडते. लहान मुलाला वर्षातून आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होणे बालरोगतज्ज्ञ सामान्य धरतात. किटा आजारी मुलाला घेत नाही: ताप आला तर फोन करून न्यायला बोलावतात आणि ताप उतरून निदान एक पूर्ण दिवस गेल्याशिवाय परत घेत नाहीत; उलटी-जुलाबानंतर बहुधा दोन दिवस थांबावे लागते. डोक्यात उवा झाल्या तरी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. सोलापुरात अशा दिवशी मूल आजीजवळ ठेवून दोघे कामावर जातात. तिथे दोघांपैकी एकाला घरी राहावेच लागते.

त्यासाठी कायद्याने दिलेली सोय पूर्ण वापरावी. सार्वजनिक विमा असलेल्या पालकांना बारा वर्षांखालच्या आजारी मुलासाठी विम्याकडून भरपाई मिळणारी रजा आहे. २०२४ पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे वर्षाला १५ दिवस आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्याला ३० दिवस. डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ही रजा घेताना आपल्या पुरुषांना संकोच वाटतो आणि सगळे दिवस आईच्याच नावावर जातात, मग मार्च उजाडण्याआधी तिची रजा संपते. आजारपणाचे दिवस कोणी कसे वाटून घ्यायचे, सोमवार-मंगळवार एकाचे की सकाळ-दुपार अशी वाटणी, हे नोव्हेंबरच्या आधीच ठरवून भिंतीवर लावावे. तापलेल्या मुलाच्या उशाशी बसून कोणाची मीटिंग महत्त्वाची यावर केलेल्या चर्चा चांगल्या होत नाहीत.

डॉक्टरांकडून अपेक्षाही बदलाव्या लागतात. येथे ताप आला की त्याच संध्याकाळी औषधांची पिशवी घेऊन आपण घरी येतो. तिथले डॉक्टर मूल नीट तपासतात आणि विषाणूचा ताप आहे, पाणी पाजा, विश्रांती द्या, तीन दिवसांनी या, असे सांगून रिकाम्या हाताने पाठवतात. हे दुर्लक्ष नव्हे. लहानग्यांसाठी पॅरासिटामॉल गुदद्वारातून द्यायच्या स्वरूपातही सर्रास मिळते. उलटी करणाऱ्या मुलाला ते फार सोयीचे पडते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मुलाचे ताजे वजन लिहून ठेवावे. विम्यातून लिहून दिलेल्या औषधांवर अठरा वर्षांखालच्या मुलांना रुग्णाने स्वतः भरायची वरची रक्कम द्यावी लागत नाही. येथून सर्दीची मिश्र सिरपे नेऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनीच २०२३ मध्ये बाटलीवर छापायला लावले आहे. बाळगुटी, काजळ आणि सुरमाही मागेच ठेवावेत, कारण काही काजळ-सुरम्यांत शिसे आढळते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. दवाखाने बंद असताना ११६११७ आणि जिवावरच्या प्रसंगी ११२ हे दोन क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवावेत.

दोघेही आई-वडील एकाच वेळी अंथरुणाला खिळले तर काय, हा प्रश्न प्रत्येक घरात कधीतरी येतो. पहिल्या दोन महिन्यांतच जवळपासच्या एका कुटुंबाशी स्पष्ट बोलून ठेवावे की, अडचणीच्या दिवशी तुमचे मूल आम्ही किटातून आणू आणि आमचे तुम्ही आणा. ते कुटुंब मराठीच हवे असा आग्रह धरू नये. शेजारच्या मजल्यावरचे सीरियन किंवा पोलिश कुटुंब पुण्याहून तिथे आलेल्या मित्राहून जवळ असते, कारण तो मित्र चाळीस मिनिटांच्या अंतरावर राहतो.

हिवाळा

डिसेंबरात उत्तरेकडच्या शहरांत चारच्या सुमारास सूर्य मावळतो. लहान बाळांना तिथे जन्मानंतर लवकरच रोज जीवनसत्त्व ड द्यायला सांगतात आणि ते साधारण दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालू ठेवतात. ते चुकवू नये. पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, उशी आणि पांघरुणाशिवाय, अंगात घालायच्या झोप-पिशवीत निजवण्याचा सल्ला दिला जातो, त्यामुळे आजीने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी आणि सोलापुरी चादर बाळ वर्षाचे होईपर्यंत पलंगावर न ठेवता जमिनीवर खेळायला अंथरावी. चादर धुऊन खरखरीत होते, तिच्यावर रांगणाऱ्या बाळाचे गुडघे घसरत नाहीत. रविवारी दुकाने बंद असतात आणि शांतता पाळली जाते. दूध, डायपर आणि मिक्सरवरचे वाटण शनिवारीच उरकावे.

मराठी आणि आजी-आजोबा

मुलाच्या कानावर दोन-तीन भाषा पडल्या तर ते गोंधळेल, अशी भीती इतर गावच्या लोकांनी बाळगावी. सोलापूरकरांना ती शोभत नाही. पूर्व भागातल्या गल्लीत घरी तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी आणि खेळताना हिंदी-उर्दू बोलणारी मुले आपण आयुष्यभर पाहिली आहेत. घरात आई-वडिलांनी मुलाशी मराठीच बोलावे. मोडकी जर्मन त्याला शिकवायला जाऊ नये, ती त्याला किटात आपल्यापेक्षा चांगली येते. पहिले काही महिने मूल किटात एक शब्दही बोलत नाही. ते ऐकत असते. चार-पाच महिन्यांनंतरही, घरी मराठीतसुद्धा बोलणे मागे पडलेले वाटले, तर डॉक्टरांशी बोलावे.

आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल म्हणजे बहुतेक घरांत मुलाची परीक्षा असते: कविता म्हणून दाखव, पापा दे, कोण आहे सांग. दोन मिनिटांत मूल पळते. त्याऐवजी कॉलला काम जोडावे. किटातून आल्यावर, तिथे साडेचार वाजलेले असतात तेव्हा सोलापुरात उन्हाळ्यात आठ आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. आजी शेंगा फोडत किंवा लसूण सोलत बसलेली असते. फोन तिच्यासमोर डब्याला टेकवून ठेवावा आणि इकडे मुलासमोर मटाराच्या शेंगा ठेवाव्यात. दोघे आपापल्या शेंगा सोलतात आणि मधूनमधून बोलतात. तेवढ्या अर्ध्या तासात आईची आमटी फोडणीला पडते, म्हणजे आजी हजारो किलोमीटरवरून खरोखरच मूल सांभाळते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा आजोबांनी रस्त्यावरून पंधरा मिनिटे कॉल लावावा. बाराबंदी घातलेली माणसे आणि सात उंच काठ्या पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी किटात झाडू उभा धरून त्याची गोष्ट सांगते.

आजी-आजोबांना तिकडे बोलावायचे तर एप्रिलच्या अखेरीस बोलवावे. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि तिकडे दिवस मोठे होऊ लागलेले असतात. डिसेंबरात आलेली आई खिडकीतल्या अंधाराकडे पाहून पंधरा दिवसांत परत निघायचे म्हणते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीच्या अल्पकाळाच्या व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि किमान ३०,००० यूरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाचा खर्च अशा विम्यात बहुधा येत नाही, म्हणून तीन महिन्यांची औषधे चिठ्ठीसह बरोबर द्यावीत. आल्या आल्या दोन गोष्टी त्यांना स्पष्ट सांगाव्यात. मुलाला धपाटा घालणे तिथे २००० सालापासून कायद्याने निषिद्ध आहे, आणि हा नियम बागेत, दुकानात, घरातही लागू आहे. सांगताना थोडे अवघड वाटते, तरी सांगावे. दुसरी गोष्ट किटाची: तुम्ही लेखी नाव दिल्याशिवाय सख्ख्या आजोबांच्या हातीही नातू सोपवला जात नाही. त्यांचे पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहून, दोन्ही पालकांच्या सह्या करून अर्ज आदल्या दिवशी शिक्षिकेकडे द्यावा, आणि पहिल्या वेळी आजोबांनी पासपोर्ट खिशात ठेवून जावे.

मूल तिथेच जन्मले असेल आणि त्याला भारतीय नागरिक ठेवायचे असेल, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करावी. त्यानंतर केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ती होत नाही. आई-वडिलांपैकी एक जण पाच वर्षे कायदेशीरपणे जर्मनीत राहिलेला असेल आणि त्याला कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर जून २०२४ पासून असे मूल जन्माने जर्मन नागरिक ठरते. तेव्हा त्याच्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड, काढावे लागते, आणि तो अर्ज सोलापूरला सुट्टीला येण्याची तिकिटे काढण्याच्या बऱ्याच आधी करावा.